पाद्रिन आणि गॉडफादर

नारळी पौर्णिमा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. पावसाळाभर शाकारून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या होत्या आणि मालवणच्या बाजारात ताजे बांगडे दिसू लागले होते. एका संध्याकाळी मी तारकर्लीच्या वाटेवरील एका घरी सहज डोकावलो. घरचा कर्ता पुरुष तीन वर्षांपूर्वी देवाघरी गेला. मागे राहिली ती त्याची पत्नी आणि चोवीस वर्षांचा एकुलता मुलगा. मुलाने यंत्रविद्येची पदविका घेतली आहे. मुंबईत दीड वर्ष कंत्राटी नोकरी करून तो गावी परतला होता. त्या दिवशी गोव्यातील एका कारखान्यात मुलाखत देऊन तो हात हलवीत आला होता. बरोबर गेलेल्या मित्राची मात्र निवड झाली होती.

मी विचारपूस केली. तो पायरीवर बसून पायाच्या अंगठ्याने माती उकरीत होता. मान वर न करताच म्हणाला, "सर, तेका गॉडफादर होतो म्हणान तो लागलो. आमका कोण आसा?"

आतून त्याची आई लगबगीने बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण होते. "असा काय बोलतंस रे? सर तुझे पाद्रिन ना?"

मुलाने गोंधळून माझ्याकडे पाहिले, मग आईकडे. म्हणाला, "ते पाद्रिन, गे आये. मी गॉडफादर म्हणतंय."

त्याच्या मनात मला दुखवावे असे काही नव्हते. असते तर मी तो राग समजू शकलो असतो. त्याच्या दृष्टीने तो एक साधा खुलासा होता. पाद्रिन म्हणजे त्याच्या स्नानसंस्काराच्या जुन्या छायाचित्रात कोट घालून उभा असलेला, नाताळला केक घेऊन येणारा एक वयस्क माणूस. गॉडफादर म्हणजे अडल्या वेळी पाठीशी उभा राहणारा, शब्द टाकणारा माणूस. हे दोन शब्द एकच आहेत हे त्या मुलाला ठाऊक नव्हते. मी बत्तीस वर्षे शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकविले. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या वर्षी तो नववीत माझ्याच वर्गात होता. दोन्ही भाषा मीच शिकविल्या होत्या आणि पाद्रिनही मीच होतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. सवयीने मी शब्दाशी झगडू लागलो. शिक्षकाला दुःखही व्याकरणाच्या वाटेनेच समजून घ्यावेसे वाटते, त्याला इलाज नाही.

वर्गात समास शिकविताना मी नेहमी पुरणपोळीपासून सुरुवात करीत असे. पुरणपोळी म्हणजे पुरणाची पोळी नव्हे. पुरण घालून केलेली पोळी. 'घालून केलेली' हे मधले शब्द बोलताना गळून पडतात, पण अर्थात ते राहतात. म्हणून हा मध्यमपदलोपी समास. कांदेपोहे तसेच. चुलतसासरा तसाच; नवऱ्याचा चुलता या नात्याने सासरा. एकदा एका मुलाने इंग्रजीच्या तासाला 'गॉडफादर' या शब्दाचा विग्रह 'देवाचा बाप' असा केला आणि सारा वर्ग हसला. मी त्याला सांगितले, "बाळा, हाही पुरणपोळीसारखाच शब्द. देवाच्या नात्याने बाप." एवढे सांगून मी पुढच्या शब्दाकडे वळलो. मधले पद कोणते गळले आणि ते किती वजनदार आहे, यावर थांबायला मला त्या दिवशी सवड नव्हती. त्या पदाचा विसर मला पुढेही पडत गेला.

इंग्रजीत हा शब्द हजार वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. स्नानसंस्काराच्या वेळी जुळणाऱ्या नात्यांसाठी त्या भाषेने 'गॉड' हे पद मागे लावून एक सबंध गोतावळा उभा केला : गॉडफादर, गॉडमदर, गॉडसन. त्याच कुळातला आणखी एक शब्द होता, 'गॉडसिब'. 'सिब' म्हणजे सगा, आप्त. मुलाचे आईबाप आणि त्याचे धर्ममातापिता यांना एकमेकांशी जोडणारा हा शब्द. पुढे तो जिवलग मैत्रिणीसाठी, बाळंतपणाच्या वेळी जवळ बसणाऱ्या बायांसाठी वापरला जाऊ लागला. मग त्या बायांच्या गप्पांसाठी, आणि शेवटी उखाळ्यापाखाळ्यांसाठी. आज सिनेमाच्या पानावर आपण वाचतो तो 'गॉसिप' हा शब्द म्हणजे तोच 'गॉडसिब'. पवित्र पाण्याभोवती जमलेल्या माणसांचे नाव चव्हाट्यावरच्या कुजबुजीला मिळाले.

असे आणखी शब्द आहेत. 'हॉलिडे' हा मुळात पवित्र दिवस. आता ती नुसती सुट्टी उरली. 'गुडबाय' या निरोपात देव तुमच्याबरोबर असो, अशी पूर्ण प्रार्थना आखडून बसली आहे. या शब्दांतून देव हळूहळू ओळखू येईनासा झाला. 'गॉडफादर'मध्ये मात्र तो अक्षरांतून स्पष्ट दिसतो आणि तरीही अर्थातून नाहीसा झाला आहे.

आमच्या किनाऱ्यावर हा नातेसंबंध इंग्रजीच्या आधी पोर्तुगीज भाषेतून आला. पाद्रिन आणि माद्रिन हे आमचे घरगुती शब्द. मुलाचे वडील आणि त्याचा पाद्रिन एकमेकांना कुंपार म्हणतात, म्हणजे सह-पिता. माझ्या लहानपणी 'कुंपार' ही हाक सख्ख्या भावाच्या हाकेइतकीच वजनाने मारली जाई.

माझे स्वतःचे पाद्रिन रापणकर होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मी आठवीत असताना माझे वडील वारले. घरी आई आणि माझ्यापाठची तीन भावंडे. शाळेची फी थकली, तेव्हा आईने माझे नाव काढण्याचा विचार बोलून दाखविला. दुसऱ्या दिवशी पाद्रिन मला घेऊन शाळेत गेले. अंगात एकुलता धुतलेला सदरा, पायात काही नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराशी उभे राहून ते म्हणाले, "मास्तरांनू, हेचो मी पाद्रिन. फी मागेपुढे होयत, पण हो शाळा सोडूचो नाय. मी जामीन आसय."

मुख्याध्यापक हिंदू होते. पाद्रिन हा शब्द त्यांना ठाऊक होता की नाही, मला सांगता येणार नाही. जामीन हा शब्द मात्र त्यांना पुरेसा झाला. माझे नाव पटावर राहिले.

त्यानंतर रापण लागली की पाद्रिन आपल्या वाट्यातले काही मासे आमच्या दारात ठेवून जात. त्याहून मला आठवते ती त्यांची संध्याकाळची फेरी. प्रार्थना झाली की ते येत, खळ्यात कंदिलाजवळ बसत आणि माझा अभ्यास संपेपर्यंत जाळ्याची विण दुरुस्त करीत राहत. अभ्यासातले त्यांना काही कळत नसे. "झाला?" एवढेच शेवटी विचारीत. मी 'झाला' म्हटले की कपाळावर अंगठ्याने क्रूस काढून निघून जात. अकरावी पास होईपर्यंत हा क्रम क्वचितच चुकला. मी खोटे 'झाला' म्हणालो तर ते ओळखणार नाहीत हे मला ठाऊक होते, आणि म्हणूनच मला खोटे बोलता आले नाही.

स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरूंपाठोपाठ आईवडील आणि धर्ममातापिता बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. आईवडिलांना मदत करायची तयारी आहे का, असे धर्ममातापित्यांना विचारले जाते आणि ते होकार देतात. पास्काच्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटविली जाते. पुष्कळ वेळा ती पेटविण्याचा मान पाद्रिनला मिळतो. माझ्या पाद्रिननी त्या दिवशी केलेली खूण ते पुढे वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी गिरवीत राहिले.

आता दुसऱ्या गॉडफादरविषयी. मारिओ पुझो यांची 'द गॉडफादर' ही कादंबरी 1969 साली प्रसिद्ध झाली आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा चित्रपट 1972 साली आला. फिरोज खान यांचा 'धर्मात्मा' (1975) हा हिंदी चित्रपट त्याच कथेवर बेतलेला. त्यानंतर या शब्दाचा नवा अर्थ जगभर पसरला. आमच्या मराठी वर्तमानपत्रांत तर तो इतका रुळला की 'राजकारणात कोणी गॉडफादर नसताना' किंवा 'सिनेसृष्टीत गॉडफादर नसल्यामुळे' असे आपण दर आठवड्याला वाचतो आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. ज्याच्या एका शब्दावर दारे उघडतात आणि ज्याच्या उपकाराची परतफेड कधी ना कधी करावी लागते, असा माणूस, हा तो अर्थ.

गंमत अशी की मूळ चित्रपटाला या शब्दाचे जुने मूळ चांगलेच ठाऊक आहे. पहिल्याच प्रसंगात एक दुःखी बाप डॉन कोर्लिओनेकडे न्याय मागायला येतो, तेव्हा डॉन त्याला आठवण करून देतो की त्याच्या मुलीची धर्ममाता आपली पत्नी आहे, तरीही त्याने कधी आपल्याला घरी बोलावले नाही. शेवटाकडे डॉनचा मुलगा मायकेल आपल्या भाच्याचा धर्मपिता म्हणून चर्चमध्ये उभा राहतो. धर्मगुरू विचारतात तेव्हा तो सैतानाचा त्याग करतो, आणि त्याच वेळी शहरात ठिकठिकाणी त्याच्या हुकमाने माणसे मारली जात असतात. हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मायकेलचा मला संताप आला होता. आता मनात येते, तोंडाने 'होय' म्हणताना माझे चित्त तरी कोठे होते? माझे हात रक्ताने माखलेले नव्हते हे खरे. ते नुसते रिकामे होते.

या अर्थाची लागण चर्चबाहेरच थांबली आहे असेही नाही. फिलिपाईन्स हा कॅथलिकबहुल देश. तेथे वशिलेबाजीच्या पद्धतीलाच 'पाद्रिनो सिस्टीम' म्हणतात. इटलीतील सिसिली बेट म्हणजे माफियाचे माहेर. तेथील कतानिया धर्मप्रांताने ऑक्टोबर 2021 पासून तीन वर्षांसाठी स्नानसंस्कार आणि दृढीकरण या विधींत धर्ममातापिता नेमणेच स्थगित केले. लोक श्रद्धेचा सोबती निवडण्याऐवजी प्रतिष्ठित, उपयोगी पडेल असा माणूस निवडतात, असे तेथील धर्माधिकाऱ्यांना दिसून आले होते. वाचून मला वाटले, हे सिसिलीचे झाले, मालवणचे काय? चोवीस वर्षांपूर्वी त्या मुलाच्या वडिलांनी मला का निवडले? माझ्यापेक्षा नेमाने मिस्सेला जाणारे दोघे चुलते त्याला होते. पण ते मासेमारी करीत आणि मी मास्तर होतो. कचेऱ्यांत माझी ओळख होती. मलाही त्या निवडीने सुखावल्यासारखे झाले होते. स्नानसंस्काराला मी सोन्याची साखळी दिली, प्रथम कम्युनियनला घड्याळ, दृढीकरणाला पाकीट. सर्व देणी वेळच्या वेळी फेडली.

चर्चची या नात्याबाबतची अपेक्षा फार जुनी आहे. छळाच्या काळात नवख्या माणसाला श्रद्धावंतांच्या मंडळीत घेणे धोक्याचे असे. तो खरा की हेर, हे कोणीतरी छातीठोकपणे सांगावे लागे. प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो की शौल मनपरिवर्तनानंतर यरुशलेमला आला तेव्हा शिष्य त्याला भ्यायले, आणि बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले. बर्णबाला कोणी पाद्रिन म्हटलेले नाही, पण काम त्याने तेच केले. सुमारे इ. स. 200 मध्ये तर्तुल्यन या लेखकाने स्नानसंस्कारावर ग्रंथ लिहिला. लहान मुलांसाठी शब्द देणाऱ्यांना उगाच संकटात का लोटावे, अशी शंका त्याने त्यात घेतली. कारण ते मरण पावू शकतात, किंवा मूल वाईट निघू शकते. हे काम पत्करण्यात धोका आहे हे त्या काळी लोक जाणत होते. त्रेन्तच्या धर्मसभेने 1563 साली धर्ममातापित्यांची संख्या एक किंवा फार तर एक पुरुष व एक स्त्री अशी ठरवून दिली. 1983 ची धर्मसंहिता येईपर्यंत पाद्रिन आणि त्याची धर्मकन्या यांचा विवाह निषिद्ध होता, इतके ते नाते रक्ताच्या तोडीचे मानले जाई. आजच्या संहितेनुसार पाद्रिन सोळा वर्षे पूर्ण झालेला आणि दृढीकरण झालेला कॅथलिक असावा. तो त्या मुलाचा जन्मदाता नसावा. आणि मुलाने ख्रिस्ती जीवन जगावे म्हणून त्याने साहाय्य करावे. साखळी आणि घड्याळ यांचा उल्लेख संहितेत नाही.

जुन्या लॅटिन लेखनात या माणसासाठी दोन शब्द येतात, आणि दोन्ही कायद्याच्या व्यवहारातून आलेले आहेत. एक 'स्पॉन्सर', म्हणजे दुसऱ्यासाठी वचन देणारा. दुसरा 'फिदेयुस्सोर', म्हणजे जामीनदार. हा दुसरा शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटले. माझ्या निरक्षर पाद्रिननी शाळेच्या दारात उभे राहून नेमका तोच शब्द उच्चारला होता. आणि मी?

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या संध्याकाळच्या चार महिने आधी, पाऊस सुरू होण्यापूर्वी, मुलाची आई माझ्याकडे आली होती. पर्यटकांना खाडीत आणि समुद्रात फिरवून आणण्यासाठी होडी आणि इंजिन घ्यावे, असा मुलाचा विचार होता. तारकर्ली-देवबागच्या बाजूला पुष्कळ तरुण तो व्यवसाय करतात. यंत्राचे काम त्याला येते, खाडी त्याच्या पायाखालची आहे. पतसंस्था कर्ज देण्यास तयार होती, पण दोन जामीनदार हवे होते. एक त्याचा मामा. दुसऱ्याचे नाव तिने घेतले नाही. ती नुसती गप्प बसून राहिली. मला समजले होते. मी म्हणालो, "नोकरी बघू दे त्याला. होडीचा धंदा बेभरवशाचा. माझंही वय झालं आता." तिने चहा संपविला आणि ती निघून गेली. मुलाला तिने हे कधीच सांगितले नव्हते. माझी अब्रू तिने झाकून ठेवली होती. म्हणूनच त्या संध्याकाळी ती इतकी ओशाळली.

म्हणजे ज्या मुलासाठी मी देवासमोर आणि धर्मग्रामासमोर चोवीस वर्षांपूर्वीच जामीन राहिलो होतो, चर्चच्या नोंदवहीत ज्याच्या नावाच्या ओळीत माझे नाव लिहिलेले आहे, त्याच्यासाठी पतसंस्थेच्या कागदावर सही करायला मी कचरलो. नोकरी लावून देणारा गॉडफादर होणे मला जमण्यासारखे नव्हते आणि ते माझे कामही नव्हते. पण मुलाला त्या गॉडफादरची आस का लागली? पाद्रिनची जागा रिकामी होती म्हणून. जेथे हक्काचे माणूस उभे नसते तेथे वशिल्याचे माणूस शोधावे लागते.

समासातले गळलेले पद ते हेच. देवासमोर ज्याने मुलाची हमी घेतली, त्या नात्याने बाप. बोलताना हे सारे गळून पडते, त्याला हरकत नाही; पुरणपोळीतही 'घालून केलेली' कोणी म्हणत नाही. पण पुरण घातलेले असावे लागते.

दोन दिवसांनी मी पुन्हा त्या घरी गेलो. आईसमोर मुलाला चार महिन्यांपूर्वीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. त्याने मला क्षमा केली असे मी म्हणणार नाही, कारण त्याने तसे म्हटले नाही. मग तो म्हणाला, "सर, होडी बुडाली तर?" मी म्हणालो, "तर आपण दोघे बुडू." त्यावर तो पहिल्यांदा हसला. आम्ही दोघे किनाऱ्यावर चालत गेलो. मुंबईत त्याचे कसे दिवस गेले, वडील गेल्यापासून तो मिस्सेला का येत नाही, हे त्याने मला त्या दिवशी सांगितले. ते येथे लिहिणार नाही. एवढेच म्हणतो की मी त्याला हे कधी विचारलेच नव्हते.

पुढच्या सोमवारी आम्ही तिघे पतसंस्थेत गेलो. अर्जावर 'जामीनदाराचे अर्जदाराशी नाते' असा एक रकाना होता. मामाने 'मामा' लिहिले. मी 'पाद्रिन' लिहिले. टेबलामागच्या तरुण लिपिकाने तो शब्द दोनदा वाचला आणि विचारले, "सर, हे कोणतं नातं?"

मी उत्तर देण्याआधी मुलगाच म्हणाला, "गॉडफादर."

लिपिक मोठ्याने हसला. "मग तुला कर्जाची काय गरज रे?"

मुलगा हसला नाही. तो म्हणाला, "तसो नाय. खरो." मग माझ्याकडे वळून त्याने विचारले, "मराठीत काय लिहूचा, सर?"

मी 'पाद्रिन'च्या पुढे 'धर्मपिता' असे लिहिले आणि खाली सही केली. कर्ज मंजूर झाले. होडी दिवाळीपूर्वी पाण्यात उतरली. पहिला हप्ता वेळेवर गेला. पुढचे जातील की नाही, हे समुद्रावर आणि पर्यटकांवर अवलंबून आहे. संध्याकाळी प्रार्थना झाली की आता मी त्यांच्या घरी जाऊन बसतो. इंजिनातले मला काही कळत नाही. तो हिशेब लिहीत असतो. तो संपला की मी विचारतो, "झाला?"